‘सिस्टर, दुखतंय’ : वाचकांचे प्रश्न, वॉर्डातली उत्तरं

वेदनेबद्दल विचारा, असं मागच्या अंकात म्हटलं आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रं रुग्णांच्या उशाशी बसणाऱ्यांची आहेत. साहजिकच आहे, ज्याला दुखतंय तो कुठला पत्र लिहायला बसतोय! मी आधी सर्जिकल वॉर्डात होते, मग बरीच वर्षं आयसीयूत, आता नव्या सिस्टर्सना शिकवते. औषधांचे डोस इथे सांगणार नाही. ते वय, वजन, किडनी, लिव्हर बघून तुमचे डॉक्टर ठरवतील. पण दुखणं मोजतात कसं, नर्सकडून काय अपेक्षा ठेवायची आणि कुठे हटून बसायचं, ते मोकळेपणाने सांगते.

प्रश्न : माझ्या वडिलांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. सिस्टर दर वेळी विचारायच्या, ‘काका, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. आता किती?’ बाबा म्हणायचे, ‘दोन.’ त्या वळल्या की उशी पोटाशी आवळून कण्हायचे. मग त्या आकड्याला अर्थ काय?

उत्तर : बाबा खोटं बोलत होते असं मी धरणार नाही. निपचित पडलेल्या माणसाला दोनच दुखत असेल. कूस बदलताना त्याचे सात होतात, खोकताना नऊ. म्हणून मी आकडा दोनदा विचारते. एकदा पडल्या पडल्या, आणि मग ‘जरा खोकून दाखवा बघू’ म्हणून लगेच पुन्हा. पोटाच्या ऑपरेशननंतर मला तो दुसरा आकडाच हवा असतो. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकणं टाळतो. फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साठतो आणि काही दिवसांत ताप भरतो, न्यूमोनिया होतो. हलत नाही म्हणून पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. स्वस्थ पडून दोन आणि खोकताना नऊ असणाऱ्या रुग्णाच्या कागदावर फक्त ‘२’ लिहिलं गेलं, तर पुढच्या पाळीच्या सिस्टरला वाटणार की सगळं छान चाललंय.

आकड्याचा खरा उपयोग त्याच माणसाची त्याच माणसाशी तुलना करायला होतो. शेजारच्या खाटेवरचा पाच म्हणतो आणि तुमचे बाबा दोन म्हणतात, यातून मला काहीच कळत नाही. बाबा औषधाआधी सात म्हणाले आणि तासाभराने चार, यातून कळतं. साधारण दोन आकड्यांनी उतरलं की रुग्णाला स्वतःलाही आराम पडल्यासारखं वाटतं, असं अभ्यासांमध्ये दिसलेलं आहे. त्यामुळे औषध दिल्यावर परत येऊन विचारायलाच हवं. शिरेतून दिलं असेल तर पंधरा मिनिटं ते अर्धा तास, गोळी असेल तर तासाभरात. तुमच्या सिस्टर परत आल्या का, हे बघत चला. आकडा विचारणाऱ्या पुष्कळ असतात, औषधानंतर परत विचारायला येणाऱ्या कमी. मला विचाराल तर चांगली नर्स मी त्यावरूनच ओळखते.

वयस्कर माणसांचं आणखी एक आहे. ‘दुखतंय का?’ म्हटलं की ‘नाही’ म्हणतात. ‘ओढ बसते का, ठणकतं का, अवघडल्यासारखं होतं का?’ म्हटलं की लगेच ‘हो, ते आहे’. आकड्यांत न बोलणाऱ्यांना मी चारच पर्याय देते : नाही, थोडं, बरंच, सोसवत नाही. तेवढं पुरतं. आणि दुखणं लपवायची कारणंही विचारून घ्यायची असतात. कुणाला इंजेक्शनची भीती, कुणाला वाटतं की जास्त सांगितलं तर घरी सोडणार नाहीत, कुणाला सिस्टरची दगदग बघवत नाही. तुम्ही जे पाहिलंत ते सिस्टरना सांगा, पण बाबांसमोरच सांगा. मागे जाऊन चुगली केल्यासारखं नको.

किती दुखतं याइतकंच कसं दुखतं हेही विचारतात, त्यालाही नीट उत्तर द्या. जखम ठणकते. मुतखड्याची कळ येते आणि ओसरते. नसेला इजा असली की आग होते, करंट लागल्यासारखं सळकतं, चादरीचा स्पर्शही नको होतो. या शेवटच्या प्रकाराला नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा दाद देत नाहीत, त्याची औषधं वेगळी असतात. पाठीतलं दुखणं पायात उतरतंय का, रात्री वाढतंय का, कशाने बरं वाटतं, हे सगळं सांगा.

आणि ती उशी. बाबा ती आवळत होते ना, अगदी बरोबर करत होते. खोकायच्या आधी जखमेवर उशी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची, हे आम्ही मुद्दाम शिकवतो. फक्त तिच्या जोडीला वेळेवर औषधही हवं. फिजिओथेरपिस्ट उठवायला येणार असतील, तर गोळी त्याआधी तासभर पोटात गेलेली बरी.

प्रश्न : आईला असह्य दुखत होतं. तीन वेळा सांगूनही इंजेक्शन पाऊण तासाने मिळालं. सिस्टर तोपर्यंत काउंटरवर निवांत फाईल लिहीत होत्या. याला काय म्हणायचं?

उत्तर : त्या फाईलमध्ये काय बघत होत्या ते आधी सांगते, मग तुमच्या बाजूने बोलते.

वेदनाशामक हातात घेण्याआधी नर्सला बघावं लागतं की मागचा डोस कधी गेला, कुठलं औषध गेलं, आणि तेच औषध वेगळ्या नावाने दुसऱ्या गोळीतून जातंय का. पॅरासिटामॉलच्या बाबतीत हे फार घडतं. शिरेतून चालू असतं, तापाच्या गोळीत असतं, दुसऱ्या वेदनाशामकाच्या जोडगोळीतही असतं. तब्येतीने धडधाकट प्रौढ माणसाला दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नसतं, वजन कमी असेल किंवा लिव्हर अधू असेल तर मर्यादा त्याहूनही खाली. डायक्लोफिनॅकच्या जातीचं औषध असेल तर किडनी, अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी, हे तपासायचं. मॉर्फिन, फेंटानिल असं अफूच्या जातीचं औषध असेल तर ते कुलूपबंद असतं, रजिस्टरमध्ये नोंद होते, साक्षीला दुसरी व्यक्ती लागते. आणि डॉक्टरांनी लिहिलेलंच नसेल तर नर्स स्वतःच्या मनाने ते देऊ शकत नाही. फोन लावायचा, वाट बघायची.

आता तुमची बाजू. यातलं एक वाक्य त्यांनी आईला येऊन सांगायला हवं होतं. ‘डॉक्टरांना फोन केलाय, वीस मिनिटं लागतील, तोवर पाय उशीवर घेऊ या.’ एवढ्याने दुखणं जात नाही, पण कुणीतरी ऐकलंय हे कळतं. घाबरलेल्या माणसाला जास्त दुखतं, हे तर रोज दिसतं.

पाऊण तासाचं मूळ बरेचदा आदल्या दिवशीच्या ऑर्डरमध्ये असतं. ‘एसओएस’, म्हणजे गरज लागली तर, असं लिहिलेलं औषध रुग्णाने मागितल्यावरच हलतं. मोठ्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत असं मागून घ्यायला लावणं मला पटत नाही. ठरावीक वेळेला औषध जात राहिलं, तर दुखणं डोक्यावर बसत नाही. एकदा बसलं की उतरवायला जास्त औषध लागतं. तेव्हा राउंडच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा : औषध ठरलेल्या वेळेला लिहिलंय की गरजेपुरतं? दोन डोसांच्या मध्ये वाढलं तर काय द्यायचं ठरलंय? हे विचारल्याचा राग यायचं कुणालाही कारण नाही.

प्रश्न : ऑपरेशननंतर बायकोला बटण दाबून औषध घ्यायचा पंप लावला होता. ती झोपली की मीच अधूनमधून दाबायचो, जाग आल्यावर दुखू नये म्हणून. सिस्टर रागावल्या. चुकलं का?

उत्तर : हो. रागावल्या ते बरं केलं. त्या पंपाची सुरक्षाच यात आहे की औषधाची गुंगी चढली की माणूस झोपतो, आणि झोपलेला माणूस बटण दाबत नाही. तुम्ही दाबलंत की ती कडी तुटते. पंपात दोन डोसांच्या मध्ये कुलूप-वेळ असते, म्हणजे तेवढ्या वेळात बटण दाबलं तरी औषध येत नाही, पण ती सगळ्यातून वाचवेलच असं नाही. झोपेत श्वास मंदावून जिवावर बेतलेले प्रसंग याच मायेपोटी घडलेत. बटण फक्त रुग्णाने दाबायचं.

प्रश्न : मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात एक तरुण रुग्ण मोबाइलवर मित्राशी हसत बोलत होता आणि मला म्हणाला, ‘नऊ दुखतंय.’ सीनियर सिस्टर म्हणाल्या, ‘नाटकं आहेत, पाण्याचं इंजेक्शन दे, बघ कसा गप्प होतो.’ मी काय करायला हवं होतं?

उत्तर : तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवणार आहे, नाव न घेता.

मार्गो मॅककॅफरी नावाच्या अमेरिकन नर्सने १९६८ साली मांडलेलं सूत्र तुझ्या पुस्तकात असेल : वेदना म्हणजे ती भोगणारा जे सांगतो ते, आणि तो जेव्हा सांगतो तेव्हा ती असते. परीक्षेत सगळ्या लिहितात, वॉर्डात विसरतात. एक लक्षात घे, त्याच्या नऊवर विश्वास ठेवणं म्हणजे तो मागेल ते औषध देणं नव्हे. विश्वास ठेवायचा आणि मग शोध घ्यायचा. नऊ का आहे, कशामुळे आहे, आधी किती होतं.

हसण्याचं म्हणशील तर, मित्राशी बोलणं हाच त्याचा त्या वेळचा उपाय असेल. लक्ष दुसरीकडे गेलं की वेदना खरोखर कमी जाणवते. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी मज्जारज्जूतल्या ‘दारा’ची कल्पना मांडली. वेदनेचा निरोप तिथून वर जाताना मेंदूकडून आलेले संदेश ते दार कमीजास्त उघडू शकतात. तपशील पुढे बदलले, पण गाभा टिकला. शिवाय दीर्घकाळ दुखणाऱ्या माणसाची नाडी धावत नाही, घाम फुटत नाही, चेहरा शांत दिसतो. शरीर त्या गोंधळाला सरावतं, दुखणं मात्र तसंच असतं. बीपी नॉर्मल आहे म्हणून दुखत नसणार, हा निष्कर्ष काढू नकोस.

पाण्याच्या इंजेक्शनबद्दल मला चीडच येते. समज, ते दिल्यावर त्याला बरं वाटलं. काय सिद्ध झालं? १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. खोट्या औषधाने ज्यांचं दुखणं उतरलं होतं, त्यांना अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम रोखणारं नॅलोक्झोन दिलं, तर दुखणं परत वाढलं. म्हणजे त्यांच्या शरीराने स्वतःचंच वेदनाशामक सोडलं होतं. खऱ्या वेदनेवरही पाण्याचा उपयोग होऊ शकतो, तेव्हा खरं-खोटं करायला ते कुचकामी आहे. आणि रुग्णाला फसवणं आहेच. उद्या त्याला कळलं तर तुझ्या हातचं खरं औषधही तो संशयाने घेईल.

तू लिहिलं नाहीस, पण त्याच्या पायाला प्लास्टर असेल तर एक गोष्ट मोबाइल, हसणं सगळं बाजूला ठेवून करायची. बोटं बघायची, रंग, गारवा, संवेदना. मग एक बोट हळूच आपल्या हाताने वर-खाली करायचं. त्याने किंकाळी फोडली, किंवा औषध देऊनही वेदना चढतच चालली असेल, तर तडक सर्जनला बोलवायचं. प्लास्टरच्या आत सूज वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा दबतो, त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. तिथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. बोटं गुलाबी आहेत, नाडी लागतेय, म्हणून निर्धास्त राहायचं नाही, ती चिन्हं फार उशिरा बिघडतात. मी नवीन असताना रात्रपाळीला एक मुलगा सारखा बेल वाजवायचा, वॉर्डात त्याचं नाव ‘बेलवाला’ पडलं होतं. आमच्या इन्चार्ज बाईंनी जाता जाता त्याचा अंगठा हलवून पाहिला आणि फोनकडे धावल्या. पहाटेच्या आत तो ऑपरेशन थिएटरमध्ये होता. त्याचा पाय वाचला.

सीनियरशी भांडू नकोस. नोंद मात्र नीट कर. ‘रुग्ण ९ सांगतो. बोलताना हसतो. पाय हलवताना चेहरा आक्रसतो. बोटांची संवेदना ठीक.’ त्याने सांगितलं ते वेगळं, तू पाहिलंस ते वेगळं. ‘नाटक करतो’ हे ना त्याने सांगितलं, ना तू पाहिलंस. ते कागदावर येता कामा नये.

प्रश्न : दुखऱ्या भागाला बर्फ लावायचा की शेक द्यायचा?

उत्तर : ताज्या मारावर, सुजेवर गार. कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. जुन्या आखडलेल्या स्नायूवर शेक. बधिर कातडीवर, मधुमेहाने संवेदना गेलेल्या पावलांवर दोन्ही नको, भाजलेलं कळतच नाही. आणि अंगावर वेदनाशामकाचा पॅच लावलेला असेल, तर त्यावर किंवा त्याच्या आसपास शेक कधीच नको. उष्णतेने त्यातलं औषध भराभर रक्तात उतरतं.

प्रश्न : नातीच्या टाचेला सुई टोचून रक्त घेतलं, ती कळवळून रडली. पूर्वी म्हणायचे की एवढ्याशा बाळांना काही कळत नाही. खरं काय?

उत्तर : कळतं. आजीबाई, हे ‘पूर्वीचं’ फार जुनंही नाही बरं का. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांची ऑपरेशनंसुद्धा पुरेशा वेदनाशामकाविना होत. मज्जासंस्था अपक्व आहे, आणि भुलीचं औषध बाळाला झेपणार नाही, अशी समजूत होती. ऑक्सफर्डला काम करताना डॉ. कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं की हृदयाजवळच्या रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेत ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना फेंटानिल दिलं, त्यांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. तिथून वारं फिरलं.

टाचेच्या टोचण्याला आज सोपे उपाय आहेत. टोचताना बाळ अंगावर पीत असलं, किंवा आईच्या उघड्या छातीला बिलगलेलं असलं, तर ते कमी रडतं. ते जमणार नसेल तर रुग्णालयात मोजून बनवलेल्या साखरेच्या द्रावणाचे काही थेंब दोनेक मिनिटं आधी जिभेवर देतात. घरी मात्र हे करू नका. पुढच्या वेळी सिस्टरना म्हणा, ‘जरा थांबा, आईला पाजायला घेऊ दे.’ बहुतेक जणी थांबतील.

नात तीनेक वर्षांची झाली की सहा चेहऱ्यांची पट्टी चालते, हसऱ्यापासून रडवेल्यापर्यंत. डॉना वाँग ही नर्स आणि कॉनी बेकर यांनी भाजलेल्या मुलांबरोबर काम करताना ती बनवली. विचारायचं असतं, ‘तुला आत कसं वाटतंय, यातलं कोण?’ ‘तुझा चेहरा कसा दिसतोय?’ असं विचारलं की मुलं चेहरे ओळखण्याचा खेळ खेळतात.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश आहे. आता वाक्यं उरलेली नाहीत. महिनाभरात ती आंघोळीच्या वेळी हात उगारते, ओरडते. शांत राहण्याची गोळी वाढवू या, असं सुचवलंय. मला उगाच वाटतं की तिला काहीतरी दुखतंय. कसं ओळखू?

उत्तर : ‘उगाच’ काढून टाका. बोलता येत नाही त्या माणसाकडे वागण्याखेरीज सांगायला दुसरं काय असतं?

अशा रुग्णांसाठी आम्ही पाच गोष्टी बघतो. श्वास : नेहमीसारखा आहे की धापेचा, खडखडीत. आवाज : कण्हणं, परत परत हाका, रडणं. चेहरा : शांत, घाबरलेला की वेडावाकडा आक्रसलेला. शरीर : सैल आहे, चुळबुळतंय की मुठी आवळून गुडघे पोटाशी घेतलेत. आणि शेवटची, समजूत घातल्यावर, हात धरल्यावर निवतं का. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. ही दहा गुणांची पद्धत २००३ पासून वापरात आहे आणि घरच्या माणसालाही थोड्या सरावाने जमते. आयसीयूत तोंडात नळी असलेल्या रुग्णांना आम्ही अशाच तऱ्हेने वाचतो. चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताठरपणा, व्हेंटिलेटरच्या श्वासाशी झगडतोय की जुळवून घेतोय.

पण हे केव्हा बघायचं? आई दुपारी खुर्चीत डुलकी घेत असताना बघितलंत तर शून्य येईल. आंघोळीला उठवताना, बाही घालताना, डायपर बदलताना बघा. ती नेमकी आंघोळीलाच चिडते, हा फार मोठा धागा आहे. कुठला हात वर घेताना ओरडते? कुठल्या कुशीवर वळवताना? आठवडाभर वहीत लिहून ठेवा, फार तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा त्यातून जास्त दिसेल.

मग अंग चाचपा, अक्षरशः डोक्यापासून. दात किडलाय का, कवळी रुतते का, कानात काही आहे का. खांदा, गुडघे. माकडहाडाशी, टाचांशी कातडी लाल झालीय का. पायाचं नख आत वळलंय का. शौचाला किती दिवस झाले नाही, लघवी तुंबलीय का. या शेवटच्या दोन गोष्टींनी शांत माणूस हिंसक झालेला मी कितीतरी वेळा पाहिलाय. पडली होती का, हेही आठवा. खुब्याचं बारीक फ्रॅक्चर घेऊन माणसं चालत राहतात.

काही सापडलं नाही, तरी डॉक्टरांना विचारा की काही दिवस साधं पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळेला देऊन बघू या का, आणि वहीतले गुण उतरतात का ते पाहू या. २०११ साली नॉर्वेतल्या नर्सिंग होम्समध्ये स्मृतिभ्रंशाच्या अस्वस्थ रुग्णांवर पायरीपायरीने वेदनेचे उपचार केले, सुरुवात बहुतेकांना पॅरासिटामॉलनेच, आणि त्यांचा आक्रस्ताळेपणा लक्षणीय कमी झाला. झोपेची गोळी दिली तर आई गप्प होईल, पण गुडघा दुखतच राहील, आणि वरून तोल जाऊन पडायची भीती.

एक सावधगिरी. हा बदल एक-दोन दिवसांत अचानक झाला असेल, सकाळी ठीक आणि संध्याकाळी ओळखेनाशी, तर वही वगैरे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा. त्यामागे लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो. आणि उलटंही लक्षात ठेवा, नेहमी गुणगुणणारी आई एकाएकी गप्प झाली, खाईना, हलेना, तर तेही दुखण्याचं लक्षण असू शकतं.

प्रश्न : यजमानांना कॅन्सर आहे, हाडांत पसरलाय. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात. घरात सगळे म्हणतात की हे शेवटचं औषध, याचं व्यसन लागतं, याने माणूस लवकर जातो. मी गोळ्या कपाटात ठेवल्यात आणि ते रात्रभर तळमळतात. काय करू?

उत्तर : ताई, गोळ्या कपाटातून काढा. लिहिलंय तशा, लिहिलंय त्या वेळेला द्या.

मॉर्फिन आजाराची पायरी सांगत नाही, दुखण्याची सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी आखली : साधी औषधं, मग सौम्य अफूजन्य औषधं, मग मॉर्फिनसारखी. हाडांतलं दुखणं तिसऱ्या पायरीचं असेल तर तिथेच उपचार व्हायला हवेत. हाडांच्या दुखण्याला रेडिएशनचाही चांगला उपयोग होतो, त्याबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारा. नीट मात्रेत सुरू केलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर जातो असं नाही. झोप लागते, चार घास जातात, बोलणं होतं. कित्येक जण त्यावर महिनोन्‌महिने, काही वर्षंही काढतात.

व्यसनाचं म्हणाल तर तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात. काही काळाने तीच मात्रा कमी पडू लागते, हा शरीराचा सराव. अचानक बंद केलं तर घाम, जुलाब, तगमग होते, हे शरीराचं अवलंबन, म्हणून कधीही एकदम थांबवायचं नाही. व्यसन म्हणजे नुकसान होतंय हे दिसत असूनही नशेसाठी त्यामागे लागणं. कॅन्सरच्या वेदनेसाठी देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांत ते क्वचित दिसतं. गोळीची वेळ कधी होते म्हणून यजमान घड्याळाकडे बघत असतील, तर बहुधा मात्रा अपुरी पडतेय. तेही डॉक्टरांना कळवा.

घड्याळ लावून औषध देण्याचा आग्रह सिसिली सॉन्डर्स यांनी धरला. त्या आधी नर्स होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. दुखणं परतायची वाट बघायची नाही, ते परतण्याआधी पुढचा डोस, हा त्यांचा पाठ. माणसाच्या वेदनेत शरीराबरोबर मनाची, घरच्या काळजीची आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ या प्रश्नाचीही वेदना असते, हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं. यजमान रात्री तळमळतात, त्यात हाडं किती आणि काळजी किती, हे त्यांच्याशी बोलल्याशिवाय कळणार नाही. गोळी दिल्यावर तासाभराने शेजारी बसून विचारा, ‘आता कसं आहे?’ आकडा सांगितला तर लिहून ठेवा. दुसरं काही बोलू लागले तर लिहीत बसू नका, ऐका.

आता रोजचं. बद्धकोष्ठ होणारच, आणि ते दिवसांनी बरं होत नाही. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू हवं. लिहून दिलं नसेल तर मागून घ्या. मळमळ, पेंग पहिले काही दिवस असते, बहुतेकांची मग ओसरते. दीर्घकाळ काम करणारी गोळी कुटायची, चावायची किंवा अर्धी करायची नाही, बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. गिळवत नसेल तर पातळ औषध मिळतं का ते विचारा. दोन डोसांच्या मध्ये एकदम उसळणाऱ्या कळेसाठी वेगळी, लवकर काम करणारी मात्रा लिहून घ्या. दिवसातून ती बरेचदा लागू लागली, तर मूळ मात्रा बदलायची वेळ आली असं समजा. वहीत एवढंच : वेळ, आधी किती, काय दिलं, तासाने किती. पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांसमोर उघडून ठेवा.

जपायचं ते गुंगीला. मॉर्फिन जास्त झालं तर श्वास मंदावतो, पण त्याआधी बहुधा माणूस पेंगुळतो. आम्ही वॉर्डात आकड्याबरोबर हेही बघतो : हाक मारल्यावर डोळे उघडून नीट बोलतो, की वाक्य अर्धवट टाकून पुन्हा झोपतो? दुसरं दिसलं तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन. हलवूनही जाग येत नसेल, श्वास अगदी सावकाश, अडखळत चालला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर फोनवर बोलत न बसता रुग्णालय गाठा. झोपेच्या गोळ्या किंवा दारू याबरोबर चालणार नाही.

आणि कपाट पुरतं सोडू नका. गोळ्या कुलपातच ठेवा, मोजून, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. उरल्या तर कुणाला देऊ नका, कचऱ्यातही टाकू नका, जिथून मिळाल्या त्या रुग्णालयाच्या औषध विभागाला विचारून परत करा.